मदत हवी आहे: मोठ्या स्टोअरमधली बॅग, चेन तुटली, कोणीच दाद देत नाही

मीरा_एम
नावाजलेलं डिपार्टमेंट स्टोअर, सगळे भारी ब्रँड एका छताखाली. तिथल्या बॅगेची चेन पहिल्याच आठवड्यात गेली, स्लायडर अक्षरशः हातात आला. काउंटरवर गेले तर "मॅम, ब्रँडला मेल करा." ब्रँड म्हणतो "जिथून घेतली तिथे दाखवा." स्टोअरच्या चॅटवरचा बॉट विचारतो, "आणखी काही मदत करू का?" आधी कुठली केलीस बाबा! पुढे काय करू? लवकर सांगा, डोकं फिरलंय.

खडूस
कधी घेतली? ऑनलाइन की दुकानात? बिल आहे? टॅग काढलात? फोटो टाका.

मीरा_एम
दुकानात. बिल आहे हो. आणि टॅग काढल्याशिवाय बॅग वापरणार कशी?

ठमाबाई
चेनवर मेणबत्ती घासायची. मऊ चालते. मी सगळ्या पर्सेसना करते.

मीरा_एम
ठमाबाई, चेन अडकत नाहीये. तुटलीये.

जुना_सेल्समन
अशा स्टोअरमध्ये उमेदीची वर्षं घालवलीत म्हणून सांगतो. पुष्कळदा तो काउंटर स्टोअरचा नसतोच. जागा ब्रँडला दिलेली, विक्रीतला हिस्सा स्टोअरला. उभी असलेली मुलगी ब्रँडच्या पगारावर. शेजारच्या काउंटरवरचा स्कार्फ ती दाखवणार नाही, कारण तो तिच्या टार्गेटमध्ये धरत नाहीत. परत घ्यायचा अधिकारही बहुतेक वेळा तिला नसतो, तिच्यावर ओरडून उपयोग नाही. बिलावर वर कोणाचं नाव आहे ते बघा. ज्याने पैसे घेतले त्याने विकलं.

बँकबाबू
एवढं कशाला? कार्डाने भरलेत ना? चार्जबॅक टाका, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागा. व्हिसा, मास्टरकार्डमध्ये बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते.

खडूस
बँकबाबू, तुमचं प्रत्येक धाग्यावर चार्जबॅक. दुकानाला आधी कळवल्याचा पुरावा मागते बँक. बॉटशी मारलेल्या गप्पांवर किती विसंबणार?

बँकबाबू
चॅटचा स्क्रीनशॉट चालतो. मी केलंय.

रमतगमत
पूर्वी असं नव्हतं. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' स्टोअरात त्याचा मालक बुसिको याने १८५२ पासून ठरलेली किंमत आणि माल परत घेण्याची सोय आणली, त्यावरच हा धंदा उभा राहिला. अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम स्टोअरने तर अलास्कात एका गिऱ्हाइकाचे टायर परत घेतले म्हणे, आणि नॉर्डस्ट्रॉम टायर विकतच नाही!

खडूस
अर्धीच गोष्ट सांगता. ती जागा आधी टायर विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीची होती, नॉर्डस्ट्रॉमने १९७५ मध्ये ती दुकानं घेतली. आणि परतीचा गैरफायदाही लोकांनीच घेतला. पार्टीत मिरवलेला ड्रेस सोमवारी काउंटरवर! म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच ब्लूमिंगडेल्स स्टोअरने ड्रेसच्या दर्शनी भागावर मोठा काळा टॅग लावला. तो काढला की परत नाही.

रमतगमत
दोष गिऱ्हाइकाचा कसा? अमेरिकेतलं नीमन मार्कस स्टोअर बघा. गुंतवणूकदारांनी कर्ज काढून कंपनी विकत घ्यायची आणि ते कर्ज तिच्याच डोक्यावर टाकायचं. मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. करोना निमित्त झाला, बोजा जुनाच. व्याज भरायचं म्हटल्यावर पहिली कात्री कोणावर? माल ओळखणाऱ्या जुन्या माणसांवर.

जुना_सेल्समन
हे मात्र खरं. आमच्याकडे कमिशनवाल्यांना गिऱ्हाइकाची मापं तोंडपाठ असायची. नंतर सणासुदीपुरती पोरं आली. त्यांना गोदामात काय आहे तेही ठाऊक नसायचं.

मीरा_एम
माझी बॅग राहिली बाजूला. बिलावर स्टोअरचंच नाव आहे. आणि चार्जबॅक जमणार नाही, पैसे गिफ्ट कार्डाने दिले होते.

बँकबाबू
हे आधी सांगायचं ना!

मीरा_एम
विचारलं कोणी?

जुना_सेल्समन
गिफ्ट कार्ड स्टोअरचंच असेल तर उलट बरंच. पैसे त्यांनीच घेतलेत, "ब्रँडला विचारा" म्हणायला तोंड नाही. काउंटर सोडा, कस्टमर सर्व्हिस डेस्कवर जा आणि ड्यूटी मॅनेजरला बोलवा. सोबत लेखी तक्रार, बिलाची प्रत, तुटलेल्या स्लायडरचा जवळून फोटो. 'मन बदललं म्हणून परत' असं लिहू नका, 'सदोष माल' लिहा. दोन्हींचे नियम वेगळे असतात. दुरुस्ती की बदली, काय हवं तेही लिहा. तुमच्या प्रतीवर तारखेसह सही घेतल्याशिवाय हलू नका.

खडूस
आणि स्लायडर फेकू नका.

मीरा_एम
पर्समध्येच आहे. उद्या जाते.

ठमाबाई
गिफ्ट कार्डाला मुदत असते का हो? माझ्याकडे एक कधीचं पडलंय.