व्हिनेगरमधून काढलेले जॉ पुन्हा का गंजतात

लेथच्या (धातू फिरवून कापायच्या यंत्राच्या) चकचे, म्हणजे काम पकडणाऱ्या भागाचे, गंजलेले जॉ (जबडे) रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले, सकाळी चकाचक निघाले आणि तासाभरात परत लाल झाले, असं का होतं, हे एकानं विचारलंय. दोष व्हिनेगरचा नाही, नंतरच्या धुण्याचा. अ‍ॅसिडनं पोलाद उघडं पडतं, ते ओलं राहिलं की डोळ्यांदेखत गंजतं.

मी जालन्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ चालवतो. आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश, कारण तेलकट जागी व्हिनेगर धरतच नाही. व्हिनेगरनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळतो आणि लगेच उकळत्या पाण्यात सोडतो. भाग असा तापतो, की बाहेर काढल्यावर पाणी आपोआप उडून जातं. मग गरम असतानाच तेल. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की वाळल्यावर पांढरे डाग उरतात, म्हणून उकळायला आरओचं पाणी. (पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. एकदा घेतलं होतं, आठवडाभर ऐकून घेतलं.)

कडक केलेल्या स्प्रिंगा मात्र अ‍ॅसिडात टाकू नका, हायड्रोजन शिरून ठिसूळ होतात. आणि इलेक्ट्रोलिसिसला (पाण्यात वीज सोडून गंज काढायला) स्टेनलेसचा चमचा लावा असं कुणी सुचवलंय, ते तर नकोच. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते विषारी. साध्या सळईचा तुकडा लावा, जालन्यात सळईला काय तोटा!

उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे तेल लावायचा आळस होतो. गेल्या मृगात माझ्या टेलस्टॉकवर (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारावर) माझ्याच बोटांचे घामाचे ठसे गंजून उमटले होते, पाचही.