‘१०३च्या वर मेंदू शिजतो’ म्हणे!

पारा४०: ‘ताप १०३च्या वर गेला की मेंदू शिजतो, लगेच गार पट्ट्या ठेवा’ ही पोस्ट पुन्हा फिरतेय, म्हणून हा धागा. संसर्गात इंटरल्युकिन (प्रतिकारशक्तीचे निरोपे रेणू) सुटतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन ई२ हे ताप चढवणारं रसायन बनतं आणि हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला थर्मोस्टॅट, शरीराचं तापमान किती ठेवायचं तो आकडा वर सरकवतो. ब्रेकही तोच मेंदू लावतो. व्हासोप्रेसिन आणि अल्फा-एमएसएच ही संप्रेरकं आकडा आवरतात, शिवाय तो कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढवायला लावतो. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच घटते. म्हणून साध्या संसर्गात पारा १०६च्या पुढे क्वचितच जातो.

शंकासुर: मग उष्माघातात कुठे जातो हा ब्रेक? उगाच लोकांना निर्धास्त करू नका.

पारा४०: उष्माघात म्हणजे ताप नव्हेच! तिथे आकडा जागेवरच असतो, उष्णता बाहेर पडत नाही. पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य. तिथे बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, नाहीतर अंग भिजवून जोरात वारा घालायचा, तोही मिनिटं न दवडता.

रात्रपाळी: तापात नेमकं उलट. हातपाय गार आणि हुडहुडी म्हणजे पारा अजून चढतोय. तेव्हा गार पाणी लावलं की थरथर आणखी वाढते. आणि स्पिरिट चोळणाऱ्यांनो, ते कातडीतून आत शिरतं!

शंकासुर: पट्ट्यांनी पहिल्या अर्ध्या तासात पारा उतरतो, हे सोयीने विसरलात.

रात्रपाळी: उतरतो हो, लेकरू कुडकुडत रडतं तेवढं सोडलं तर. खरा घोळ औषधाच्या बाटलीत आहे. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ म्हणजे १५० मिग्रॅ पॅरासिटामॉल. ५ मिलीत १२० मिग्रॅचं सिरप असेल तर सव्वासहा मिली, २५०चं असेल तर ३ मिली. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिग्रॅ, म्हणजे फक्त दीड मिली! तेच चमचाभर (५ मिली) पाजलं की एका फटक्यात ५०० मिग्रॅ. दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात ४पेक्षा जास्त नाहीत. लेबल वाचायला काय जातं?

जुनीखोड: विषय मेंदूचा, भांडण चमच्याचं.

रात्रपाळी: पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत जातं, आणि ते चमच्यानेच जातं, साहेब.

शंकासुर: आणि तापातले झटके? ते मेंदूतच येतात ना?

पारा४०: येतात, साधारण ६ महिने ते ५ वर्षांच्या वयात. पण साध्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही, आणि तापाचं औषध वेळेवर दिल्याने तो टळतोच असंही नाही.

शंकासुर: बरं बाबा, मेंदू शिजत नाही. पण ३ महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप असला तरी ब्रेकवर निबंध न वाचता तडक डॉक्टर गाठायचा, हे वर टाका.

पारा४०: टाकतो. ‘निबंध’ गाळून.