नेता बदलला की परराष्ट्र धोरणही बदलतं? टांझानियापुरतं बोलूया

तिरकस: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "आफ्रिकेत खुर्चीवरचा माणूस बदलला की धोरण पालटतं, कायम असं काही नसतंच." डोकंच फिरलं. पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी १९६५ मध्ये ऱ्होडेशियावरून (आजचं झिंबाब्वे, तिथल्या गोऱ्या सरकारला ब्रिटनने आवरलं नाही म्हणून) ब्रिटनशी संबंध तोडले, ब्रिटिश मदतीवर पाणी सोडलं, पुढे चीनच्या पैशाने झांबियापर्यंतची ताझारा रेल्वे बांधली. नंतरचे राष्ट्राध्यक्ष मकापांनी आर्थिक मुत्सद्देगिरी आणली, म्हणजे व्यापार-गुंतवणूक आधी. तरी कुणाच्या गोटात जायचं नाही, हे कुणी सोडलं? सत्तेतला पक्षही तोच आहे अजून.

बाओबाब: ते मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाजू नका. न्येरेरेंनी १९७३ मध्ये इस्रायलशी संबंध तोडले, राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी २०१८ मध्ये तेल अवीवला वकिलात उघडली. हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष असताना आफ्रिकेबाहेर पडले नाहीत, बागामोयो बंदराचा चिनी करार अडवला, कोविडची लस नको म्हणाले. ते गेले २०२१ च्या मार्चमध्ये, आणि त्यांच्या जागी बसलेल्या त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्ष सामियांनी त्याच वर्षी कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून लस आणली. पक्ष तोच, बदलली ती खुर्चीच ना?

लातूरकर: तुमचं चालू द्या. २०१६ च्या जुलैत मोदी मोझांबिक, टांझानिया फिरून आले, मोझांबिकशी तुरीचा करार झाला. पुढच्या हंगामात हमीभाव बोनससकट क्विंटलला ५०५० रुपये, आणि बाबा ट्रॉली घेऊन खरेदी केंद्राबाहेर रांगेत. "बारदाना नाही," म्हणून परत पाठवलं. शेवटी व्यापाऱ्याला मातीमोल घातली.

बाओबाब: वाईट झालं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा टांझानियातल्या बाबातीच्या शेतकऱ्याच्या तुरीलाही कुत्रं विचारेना. ते लोक तूर पिकवतात ती आपल्यासाठीच.

लातूरकर: मग मी काय करू, सुतक पाळू? पुण्यात बसून बाबातीचा कळवळा येतो, आपल्या लातूरच्या औशाचा येत नाही!

तिरकस: भांडू नका, पण बाओबाबराव, तुमच्याच तोंडून निघालं की! करारामुळे मोझांबिकला त्या मर्यादेतून वगळलं ते सोडा, पण आधी आफ्रिकेत डाळ शोधत फिरले आणि वर्षभरात दार लावलं, ते एकाच पंतप्रधानाने. खुर्ची कुठे बदलली?

बाओबाब: घ्या, भारतापुरतं मान्य, पेढे वाटा. मागुफुलींचं उत्तर मात्र अजून दिलं नाहीत.

तिरकस: मागुफुली अपवाद, जा.

लातूरकर: २०२१ ला तुरीची आयात परत खुली केली, तेव्हा दोघांपैकी एकानेही धागा काढला नव्हता.