मदत हवी आहे: १९९६ ची लाल मारुती ८०० गुलाबी पडलीये, कंपाउंड आणि पॅड कुठले घेऊ?

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीये, आधीच सांगतो.

गाडी काकांची, १९९६ ची ८००, कार्ब्युरेटरवाली, लाल. आरसी परत ५ वर्षं वाढवून घेतलीये त्यामुळे विकायचा विषयच नाही, आणि इंजिन मस्त आहे, रडगाणं आहे ते रंगाचं. टप आणि डिक्कीचं दार आता लाल म्हणायचं की गुलाबी असा प्रश्न पडतो, चुन्याच्या भिंतीला टेकल्यावर कसं होतं तसं हात फिरवला की तळव्याला गुलाबी पावडर लागते. दारं बरी आहेत पण उन्हात धरून बघितलं की गोल गोल बारीक चरेच चरे. सांगलीत आंब्याखाली उभी असते, मोहोराच्या दिवसात तुडतुड्यांचा चिकटा वरून टपकतो, त्यावर धूळ बसते आणि गाडी पुसणारा पोरगा सकाळी सकाळी तेच कोरड्या फडक्याने रगडून काढतो, मग चरे पडणार नाहीत तर काय होणार. वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेतच.

आता खरी गोम अशी आहे की बॉनेट मधल्या काळात कधीतरी परत रंगवलेलं आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून बघितलं, टपावर आणि दारांवर फडकं लालभडक झालं, बॉनेटवर फडकं पांढरंच राहिलं. म्हणजे मूळ रंग लॅकर (वरचा पारदर्शक थर) नसलेला, सिंगल स्टेज, आणि बॉनेटवर गॅरेजवाल्याने वरून लॅकर मारलेलं. मित्राकडच्या मीटरने रंगाची जाडी पण मोजली: दारं ९५ ते १०५ मायक्रॉन, टप ७० ते ८०, बॉनेट २४० च्या आसपास, त्यामुळे तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली असणार असं वाटतंय. बंपर प्लास्टिकचा, तिथे मीटर काही दाखवतच नाही.

इथल्या डिटेलिंगवाल्याकडे जायचं नाहीये. ग्राइंडरसारख्या रोटरी मशीनवर एकच मळलेलं लोकरीचं पॅड लावून सगळ्या गाड्या घासतो, शेजाऱ्यांची काळी गाडी तिथून आली तेव्हा सावलीत झकास दिसत होती आणि उन्हात काढली तर त्यावर चक्राकार पट्टे चमकत होते. म्हणून स्वतःच करायचं ठरवलंय. १५ एमएम थ्रोचं ड्युअल अॅक्शन (डीए) मशीन घेतलंय, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या गोलातही हलतं, ५ इंची प्लेट, म्हणजे पॅड साडेपाच इंची लागतील.

अडलंय ते इथे:

पॅडच्या रंगांनी डोकं फिरलंय. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे: पिवळं पॅड लेक कंट्रीत कटिंगचं, मेग्वायर्समधे तेच पिवळं पॉलिशिंगचं आणि रुपेसमधे पिवळं म्हणजे फाइन, मग दुकानदार "पिवळं घ्या साहेब सगळ्याला चालतं" म्हणतो तेव्हा नक्की काय देतोय तो? फोम घेऊ की मायक्रोफायबर? किती घेऊ?

आणि बाटल्या. मेग्वायर्सच्या एम१०५ (जोरात कापणारं कंपाउंड) आणि एम२०५ (बारीक पॉलिश) ची जोडी सगळे सांगतात, कोणी अल्टिमेट कंपाउंड म्हणतं, कोणी मेन्झर्ना ४००. ७०-८० मायक्रॉनच्या टपावर यातलं काही लावायची हिंमत होत नाहीये. पॅड आणि बाटल्या मिळून सात-आठ हजारात बसवायचंय, त्यातले जास्त पैसे पॅडवर टाकू की बाटल्यांवर?

चकाचक_कोल्हापूर:
पॅडवर टाका, डोळे झाकून. सिंगल स्टेजवर मेलेला रंग सगळा पॅडमधे जाऊन बसतो, दोन-तीन सेक्शन (एका वेळी घासायचे चौकोन) झाले की पॅड चोंदतं आणि मग पॅड कापत नाही, नुसतं लाल चिखल फिरवत बसतं. एक बाटली कमी घ्या पण पॉलिशिंगची ५ पॅड पाहिजेत, आणि बॉनेटची २ वेगळी ठेवा, टपाचं पॅड चुकूनही बॉनेटवर नको. रंग बघून घेऊच नका, पाठीमागे कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग काय लिहिलंय ते बघा. आणि एकदम स्वस्तातली घेऊ नका, गरम झाली की वेल्क्रो फोमपासून सुटतो आणि पॅड उडून शेजारच्या अंगणात.

मशीन लावायच्या आधी धुणं नीट करा. चिकटा निघेपर्यंत शांपूचं पाणी आणि मायक्रोफायबर मिट, मग क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) भरपूर लुब्रिकंट घेऊन. बोअरच्या डागांना वॉटर स्पॉट रिमूव्हर किंवा पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून, मिनिटभर ठेवून लगेच धुवायचं, उन्हात अजिबात नाही. हे न करता पॉलिश केलं तर तीच घाण पॅडखाली फिरते आणि नवे चरे फुकटात मिळतात.

मग एका दारावर दोन बाय दोन फुटाचा चौकोन टेप लावून घ्या आणि सगळ्यात मऊ जोडीने सुरू करा, फिनिशिंग पॅड आणि एम२०५. चार-पाच पास (म्हणजे चौकोनावरून तितक्यांदा मशीन फिरवायचं), स्पीड ४ ते ५, हात हळू, सेकंदाला एक इंच. नाही निघालं तर बाटली तीच ठेवून आधी पॅड बदला.

रंगारी_बेळगाव:
तीस वर्षं गाड्या रंगवतोय, त्यामुळे टपाबद्दल मी बोलतो. ७० मायक्रॉनवर पहिल्याच दिवशी कंपाउंड लावायचं नाही. त्या मीटरच्या आकड्यात प्रायमर पण आलं, नुसता लाल त्याच्यापेक्षा कमीच. रंग वाळून कोरडा पडलाय, त्याला आधी तेल पाजा. मेग्वायर्सचं ७ नंबरचं ग्लेझ मिळालं तर बघा, त्यात कापणारं काही नसतं, तेलकट असतं. जुन्या टर्किश टॉवेलच्या तुकड्याने चांगलं जाड चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, परत एकदा. गुलाबीतला अर्धा लाल तिथेच परत येतो, उरलेल्याला मग मऊ पॅड आणि एम२०५ पुरे. कडक पॅड टपावर नकोच.

कडांना टेप लावा, टपाची पन्हळ, दाराच्या कडा, बॉनेटची मधली घडी. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅड तिथेच जोर करतं. पॅडवर लालऐवजी दुसराच रंग यायला लागला तर प्रायमर आलं, मशीन बंद. डिक्कीचं दार पण असंच करा. आणि झाल्यावर लगेच वॅक्स नाहीतर सीलंट पाहिजे, सिंगल स्टेज उघडा ठेवला तर एका उन्हाळ्यात परत गुलाबी.

डीए_वाला_पुणे:
रंगारी काकांशी टपाबद्दल सहमत, बॉनेटबद्दल थोडं वेगळं मत. तिथे २४० आहेत म्हणून बिनधास्त कापू नका, त्यात लांबी, प्रायमर, रंग आणि जुना थर सगळं आलं, लॅकर किती ते मीटर सांगत नाही. गॅरेजचं लॅकर कधी मऊ असतं कधी दगड, टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. मी असतो तर फोम कटिंग पॅड आणि अल्टिमेट कंपाउंड. मायक्रोफायबर पॅड डीएवर कापतं जोरात पण मऊ लॅकरवर धुरकट करून ठेवतं, मग फोमने परत फिनिश करा, डबल काम.

एम१०५ आपल्याकडच्या उन्हाळ्यात पटकन वाळतं आणि पांढरी धूळ उडवतं, नवीन माणसाला वैताग. अल्टिमेट कंपाउंड जास्त वेळ ओलं राहतं. मेन्झर्ना चांगलं आहे पण त्याचे कण घासता घासता बारीक होत जातात, त्यामुळे पास पूर्ण करावे लागतात, अर्ध्यात पुसून बघितलं तर धुरकट दिसतं आणि लोक बाटलीला शिव्या घालतात. मेग्वायर्सच्या या बाटल्यांमधले कण तसे तुटत नाहीत, म्हणून पॅड साफ ठेवणं जास्त महत्त्वाचं, प्रत्येक सेक्शननंतर ब्रश मारा.

आणि बॉनेटवर पॉलिश झाल्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात मिसळून पुसा, नाहीतर तेलाने झाकलेले चरे गेले असं वाटतं आणि दोन धुण्यांनंतर परत हजर. टपावर मात्र हे करू नका, रंगारी काकांनी पाजायला सांगितलेलं तेलच काढून टाकाल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार राव. मित्राकडे एम२०५ आणि दोन पॅड होती ती आणून डाव्या दारावर चौकोन करून बघितला. फिनिशिंग पॅडने चमक आली पण चरे होते तिथेच, पॉलिशिंग पॅडने बरेचसे गेले, दोन-चार खोल आहेत ते राहूदेत. पॅड एका चौकोनात लाल झालं, कोल्हापूरकर बरोबर बोलले. टपासाठी ग्लेझ शोधतोय, त्याच्याशिवाय टपाला हात लावत नाही.

यादी अशी केलीये: पॉलिशिंग फोम ५, फिनिशिंग २, कटिंग फोम १ फक्त बॉनेटला, एम२०५ मोठी बाटली, अल्टिमेट कंपाउंड छोटी, पॅडचा ब्रश, टेप. मायक्रोफायबर पॅड आणि एम१०५ कटाप.

एक राहिलं. खिडक्यांमधले खांब आणि हँडलच्या आजूबाजूला साडेपाच इंची पॅड जात नाही. याच मशीनला ३ इंची प्लेट लावली तर चालेल का? आणि काळ्या रबरावर कंपाउंडचे पांढरे डाग पडतात त्याचं काय करू?

डीए_वाला_पुणे:
प्लेट बसेल पण मशीनचं वजन ५ इंचीच्या हिशेबाने बॅलन्स केलेलं असतं, छोटी लावली की हाताला झिणझिण्या येईपर्यंत थरथरतं. तेवढ्यासाठी वेगळं छोटं मशीन घेऊ नका, ८०० ला खांब आहेत तरी केवढे, फोमचं गोल अॅप्लिकेटर घेऊन हातानेच करा.

रंगारी_बेळगाव:
रबराला आधीच टेप लावा म्हणजे डागाचा प्रश्नच नाही. तरी पडलाच तर वाळू देऊ नका, लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळला असेल तर जुना टूथब्रश आणि शांपूचं पाणी. दाराच्या खालच्या पट्टीला गंज आहे का तेवढं बघून सांगा, ८०० ला तिथे हमखास असतो आणि त्यावर मशीन फिरवलं तर रंगाचा पापुद्राच निघेल.