मदत हवी आहे: गणपतीच्या आधी शिकागो, सोबत आई-बाबा आणि एक डायनोसॉरवेडी

सांगलीची:

नमस्कार मंडळी,

आम्ही इंडियानापोलिसला असतो. सध्या सांगलीहून आई-बाबा आलेत. १० सप्टेंबरला, गुरुवारी सकाळी गाडीनं शिकागोला निघायचं आणि रविवारी संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असं ठरलंय. सोमवारी १४ तारखेला गणपती बसतात, त्यामुळे मुक्काम वाढवायची सोय नाही. तारीख आईनं निवडलीय. १८९३ साली ११ सप्टेंबरलाच सर्वधर्म परिषद सुरू झाली आणि त्याच दिवशी विवेकानंद पहिल्यांदा बोलले, तर तिला नेमकं त्या दिवशी तिथे जायचंय. म्हणजे शुक्रवारी, परिषद झाली ते आर्ट इन्स्टिट्यूट हे पक्कं, त्यात वाटाघाटी नाहीत.

बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त. त्यांनी वहीत यादीच करून आणलीय आणि यादीत पहिलं नाव इमारतीचं नाही, माणसाचं आहे: फझलुर रहमान खान. ढाक्याचा हा इंजिनिअर, आणि सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) आणि जॉन हॅनकॉक या दोन्हींचा सांगाडा त्याच्या डोक्यातून आलेला. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून ११० मजले कसे उभे केले हे ते रोज जेवताना समजावतात. आमच्याकडे वाटाण्याच्या शेंगांपासून काडेपेट्यांपर्यंत सगळ्याचे टॉवर उभे राहून झालेत. आईचं म्हणणं, "म्हणजे अमेरिकेत येऊनही तुम्ही साइटवरच जाणार."

लेक आठ वर्षांची. तिला फक्त सू नावाची टी-रेक्स बघायचीय, बाकी शिकागो नसलं तरी चालेल.

आता अडचण. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर, मध्ये बसत-बसत, अर्धा तास आरामात चालतात, पण जिना म्हटलं की संपलं. व्हीलचेअरचं नाव काढलेलं चालत नाही. आई शाकाहारी, अंडंही नाही.

हॉटेल लूपमध्येच (म्हणजे शहराच्या मध्यभागात) घ्यावं की बाहेर घेऊन ट्रेननं ये-जा करावी? गाडीचं काय करायचं? दोन टॉवरपैकी एकच परवडेल, तर कुठला? नदीतल्या आर्किटेक्चर बोटीचं सगळे एवढं कौतुक करतात ते खरंच तसं आहे का? आणि सिटीपास (बऱ्याच ठिकाणांचं एकत्र तिकीट) घ्यावा का? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

नेपरव्हिलकर:

तारखा छान निवडल्यात. लेबर डे ७ तारखेला होऊन गेलेला असेल, शाळा सुरू, गर्दी ओसरलेली, हवाही बरी. मिशिगन तळ्यावरचा वारा मात्र सप्टेंबरातही बोचतो, आईंसाठी शाल हाताशी ठेवा.

हॉटेल लूपमध्ये किंवा नदीच्या लगेच उत्तरेला घ्या. बाहेर राहून पैसे वाचतात ते खरं, पण बाबांची ताकद येण्या-जाण्यातच संपेल. दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं पाहिजे.

गाडी पोचल्यावर उभी करा आणि रविवारपर्यंत हात लावू नका. हॉटेलचं पार्किंग महाग पडतं. मिलेनियम पार्क आणि ग्रँट पार्कच्या पोटात मोठी तळघरं आहेत, तिथे ऑनलाइन आधीच जागा घेतली की बरंच स्वस्त मिळतं. वॅकर ड्राइव्हला मात्र जपून. तो रस्ता एकावर एक मजल्यांचा आहे, खालच्या मजल्यावर शिरलात की जीपीएसला तुम्ही कुठे आहात तेच कळत नाही.

ट्रेनचं एक महत्त्वाचं. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही. नकाशात आर्ट इन्स्टिट्यूटला सगळ्यात जवळचं अ‍ॅडम्स/वॉबॅश दिसतं, तिथे लिफ्ट नाही आणि फलाट रस्त्याच्या वर उंच. त्याऐवजी वॉशिंग्टन/वॉबॅशला उतरा. ते २०१७ सालचं नवं स्टेशन आहे, लिफ्ट आहे, आणि पुढे दोन-तीन ब्लॉक सपाट चाल. शहराच्या (सीटीएच्या) बस मात्र सगळ्याच बाबांना चढता येतील अशा आहेत, दाराशी फळी खाली येते.

आता आईंचं. आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या फुलर्टन हॉलला बरेच लोक हात जोडून येतात, पण तो १८९८ साली बांधला गेला. परिषद त्याच इमारतीच्या मागे उभारलेल्या तात्पुरत्या सभागृहात झाली आणि नंतर ते पाडलं. म्हणजे वास्तू तीच, खोली ती नव्हे. आईंना हे आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन कळलं तर उगाच विरस व्हायचा. बाहेर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर 'स्वामी विवेकानंद वे' अशी पाटी आहे, फोटो तिथे काढा. आत मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर २०१० साली मुंबईच्या जितिश कल्लाट यांनी ते पूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. मी तेव्हा पाहिलंय, वाचत-वाचत चढावं लागायचं. संग्रहालय मंगळवार-बुधवार बंद असतं, तुमचा शुक्रवार आहे, प्रश्न नाही.

चहाबाज:

मी जरा कडू बोलतो. यादी निम्मी करा. वयस्क माणसांना घेऊन दिवसाला एक मोठी गोष्ट आणि एक बसून बघायची गोष्ट, एवढंच जमतं. म्हणून सिटीपास नको. तो घेतला की पैसे वसूल करायला माणसं पळतात.

टॉवर हॅनकॉकचा चढा. सांगतो का ते. बाबांना इमारत बघायचीय ना? विलिसच्या माथ्यावर गेलं की नेमका विलिसच दिसत नाही. हॅनकॉकच्या ९४व्या मजल्यावरून विलिसही दिसतो आणि तळंही. शिवाय हॅनकॉकचा सांगाडा बाहेरच आहे, मोठमोठ्या फुल्या दर्शनी भिंतीवर, रस्त्यावर बाकावर बसून त्यांचा अभ्यास करता येतो. विलिसपाशी टॅक्सीनं जा, फ्रँकलिन आणि जॅक्सनच्या कोपऱ्यावर फझलुर खानच्या नावाची पाटी आहे, तिथे बाबांना उभं करून फोटो घ्या. पाच मिनिटांचं काम.

बोट: हो, खरंच तशी आहे. साधारण दीड तास बसून सगळं शहर समोरून जातं, गुडघ्यांना याहून चांगलं काही नाही. गाइड कसलेले असतात. मरीना सिटीचे दोन गोल मनोरे येतील, कणसासारखे. खालचे १९ मजले नुसतं पार्किंग आहे, गाड्यांची तोंडं बाहेर आलेली दिसतात. बाबा खूश. आणि ही नदी पूर्वी तळ्यात जायची. शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जाते म्हणून १९०० साली कालवा खणून तिचा प्रवाहच उलटा फिरवला. पीडब्ल्यूडीच्या माणसाला आणखी काय पाहिजे! फक्त धक्का पुलाच्या खाली आहे, जिने आहेत, तेव्हा तिकीट काढतानाच उताराची वाट कुठून ते विचारा. वरच्या डेकलाही जिना असतो.

सांगलीची:

दोघांचेही खूप आभार! बाबांना नदीचं वाचून दाखवलं. "उलटी फिरवली म्हणजे लॉक गेट कुठे असतील?" असं विचारतायत, आता नकाशा घेऊन बसलेत.

मग गुरुवारी दुपारी बोट, शुक्रवारी आर्ट इन्स्टिट्यूट, शनिवारी सकाळी सू आणि संध्याकाळी हॅनकॉक असं करते. रविवारी निघताना डेव्हनला (देशी दुकानांच्या रस्त्यावर) जेवून, गणपतीचं सामान घेऊन परत. चालेल?

नेपरव्हिलकर:

बाकी सगळं चालेल, डेव्हन रविवारी नको. डेव्हन लूपच्या उत्तरेला लांब आहे आणि तुम्हाला जायचंय दक्षिणेला. त्यात येताना घड्याळ तासभर मागे जातं म्हणून वेळ मिळाल्यासारखा वाटतो, जाताना तोच तास कापला जातो. शनिवारी हॅनकॉक दुपारीच उरका आणि संध्याकाळी टॅक्सीनं डेव्हनला जा. पूजेचं सामान, मोदकाचं पीठ, सगळं मिळेल, गर्दी असेल. शाकाहारी दक्षिणी जेवण आईंना चालेल. डीप डिश (शिकागोचा जाडजूड पिझ्झा) सुद्धा चालावा, खाली चीज आणि वर टोमॅटो, पालकाचा घ्या. अंड्याचं आणि चीजमधल्या रेनेटचं (दूध फाडायला वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) विचारून घ्या. तो भाजायला पाऊण तास लागतो, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या.

शुक्रवारी आर्ट इन्स्टिट्यूटच्या मॉडर्न विंगमध्ये लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जा. तिथून एक पादचारी पूल थेट मिलेनियम पार्कात उतरतो. सौम्य उतार आहे, बाबांना चढायचं काहीच नाही. खाली अनिश कपूरचा तो चकचकीत 'बीन'. कपूर जन्मानं मुंबईचा, हे आईंना सांगा.

चहाबाज:

सू आहे त्या फील्ड म्युझियमला सकाळी दार उघडतानाच पोचा. आत शिरल्यावर जो अवाढव्य सांगाडा दिसतो तो मॅक्सिमो, सू नव्हे. सू वरच्या मजल्यावर स्वतःच्या दालनात आहे, लिफ्ट आहे. मुलं खालीच "हीच सू" म्हणून फोटो काढून दमतात.

बाबांसाठी तिथेच त्सावोचे सिंह आहेत. १८९८ साली केनियात त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना या दोघांनी कामगार मारले, आणि कामगारांत बरेचसे हिंदुस्थानातून नेलेले होते. काम काही काळ बंद पडलं होतं. नर असून आयाळ नाही, बघताना सिंहिणीच वाटतात. तिथे व्हीलचेअर मिळते, पण तुम्ही बाबांना "लेकीची बॅग ठेवायला घेतलीय" एवढंच सांगा.

रविवारी सोल्जर फील्डवर फुटबॉलचा सामना आहे का ते बघून ठेवा. असला तर सकाळी दहाच्या आत शहर सोडा, नाहीतर लेक शोर ड्राइव्हवरच गणपती बसवावे लागतील.