१९७२ च्या कामातला मातीचा तलाव : पाठीला ओल, माथ्यावर भेगा. पावसाआधी काय काय करता येईल?

शिवारकर (प्रश्न)
गावचा सिंचन तलाव दुष्काळी कामातला आहे. उंची ११ मीटर, लांबी ३८० मीटर, साठा १२ लाख घनमीटर. गाभ्यात काळी माती, वरून मुरूम. तलाव भरला की विमोचकाच्या (कालव्यात पाणी सोडणारा पाइप आणि झडप) डाव्या अंगाला, पायथ्यापासून दोन-अडीच मीटर वर उतार ओला होतो, तिथे आता लव्हाळा माजलाय. माथ्यावर एक लांबट भेग आणि दोन आडव्या. मागच्या उतारावर वेड्या बाभळी आहेत, काहींचे बुंधे मांडीएवढे. खेकड्यांची आणि घुशींची बिळंही आहेत. ३० मीटर लांबीच्या सांडव्यावर मासेमारीवाल्यांनी अर्धा मीटर उंच वाळूची पोती रचलीत. ओलीच्या जागेवर काँक्रीट टाकायचं असं काही जण म्हणताहेत. टाकावं का?

भराव_मुरूम
काँक्रीट अजिबात टाकू नका. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते पायथ्याच्या दगडी टोमध्ये (मागच्या उताराच्या तळाशी रचलेल्या दगडांच्या पट्ट्यात) उतरून चरातून निघून गेलं पाहिजे. उतारावर ओल दिसते म्हणजे आतली पाझररेषा (भरावात झिरपलेल्या पाण्याची वरची पातळी) वर चढली आहे. बहुतेक टो किंवा त्यामागची गाळणी (माती अडवून पाणी जाऊ देणारा वाळू-खडीचा थर) मातीने बुजली असावी. वरून तोंड बंद केलंत तर आतला दाब वाढतो, उतार खचतो किंवा पाणी दुसरीकडून माती घेऊन फुटतं.

करायचं ते असं. लव्हाळा आणि वरची भुसभुशीत माती हाताने काढा, खोल खणू नका. ओलीच्या कडेपासून मीटरभर पुढेपर्यंत आधी १५ सेंमी स्वच्छ जाड वाळू, त्यावर १५ सेंमी बारीक खडी (६ ते २० मिमी), त्यावर ४० ते ८० मिमीची खडी आणि शेवटी वजनाला दगड. थरांचा हा क्रम उलटला तर माती खडीच्या फटींतून निघून जाते आणि सगळं काम फुकट. पायथ्याचा चर मोकळा करून तो नाल्यापर्यंत उतरता ठेवा.

मग मोजायला लागा. चरात ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवा आणि पाण्याची उंची पत्र्याच्या थोडं मागे, पाणी संथ असेल तिथे मोजा. खाचेच्या टोकापासून ५ सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंमी म्हणजे जवळजवळ साडेचार लिटर. शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. पातळी तीच असून पाझर वाढला तर आत काहीतरी बिघडतंय. पारदर्शक बाटलीत पाणी भरून तासभर ठेवा. तळाला गाळ बसला तर पाझर कमी असला तरी तो धोकाच, कारण भराव आतून पोखरला जातोय.

आणि ओल विमोचकाजवळ आहे ही गोष्ट हलकी घेऊ नका. पाइपाच्या बाहेरच्या अंगाला माती नीट धुमसता (ठोकून घट्ट करता) येत नाही, पाणी तिथूनच वाट काढतं. झडप पूर्ण बंद करून कालव्याच्या तोंडाशी बघा : पाणी पाइपाच्या आतून येतंय की कडेने? कडेने येत असेल तर ते गावपातळीवरचं काम नाही, अभियंता बोलवा. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते नवं धरण होतं, पण माथा खचत गेला तो अर्धवट राहिलेल्या विमोचकाच्या वरच.

काळीमाती
भेगांबद्दल. आडवी भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याला एका बाजूकडून दुसरीकडे सरळ वाट देते. लांबट भेग कमानीसारखी वळली असेल आणि तिची एक कड खाली बसली असेल तर उतार घसरू लागलाय. त्यात माती भरून झाकू नका, आधी अभियंत्याला दाखवा. सरळ आणि उथळ असेल तर उन्हाने काळी माती आकसल्याची शक्यता जास्त.

भेगेत चुन्याचं पातळ पांढरं पाणी ओता आणि तिच्या कडेने खणत जा. पांढरी रेघ संपेल तिथून ३० सेंमी आणखी खाली जा. मग तशीच माती १५ सेंमीच्या थरांनी भरून धुमसा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढीच ओल हवी. काम होईपर्यंत प्लास्टिकने झाका. माथ्यावरचे चाकोरे मुरमाने भरून उतार पाण्याच्या बाजूला द्या, म्हणजे मागच्या अंगाला घळी पडणार नाहीत.

बिळाच्या नुसत्या तोंडावर माती मारून उपयोग नाही. नऊ भाग माती, एक भाग सिमेंट, पाणी घालून पातळ लगदा करा आणि पाइपाने आत भरत राहा. तोंड मात्र धुमसलेल्या मातीनेच बंद करा.

बाभळी : मनगटाएवढ्या जमिनीलगत कापा. मोठ्यांची मुळं आता जेसीबीने उपटू नका, पावसाच्या तोंडावर उतारात खड्डे राहतील. पण नुसतं कापून विसरलात तर मुळं कुजून पोकळ नळ्या तयार होतात. पुढच्या वर्षी साठा कमी असताना ती काढून खड्डे थराथराने भरायचेच, हे आत्ताच ठरवून ठेवा.

सांडवा_आधी
या यादीत पहिलं काम पोती काढण्याचं आहे, आणि ते आजच करा. ३० मीटरच्या सांडव्यावरून १ मीटर उंचीने सेकंदाला साधारण ५१ घनमीटर पाणी जातं. अर्धा मीटर अडवलंत तर तीच पूरपातळी असताना जेमतेम १८ जातं. उरलेलं पाणी माथ्यावरून जाईल, आणि माथ्यावरून पाणी गेलं की मातीचं धरण काही तासांत वाहून जातं. मासे अडवायची जाळीही नको, तिला काडीकचरा अडकला की तिचा बांधच होतो. पुच्छ कालव्यातली (सांडव्याचं पाणी पुढे नाल्यात नेणारा चर) झुडपंही काढा.

शिवारकर
पोती उद्याच काढतो. रात्री-अपरात्री पाझर अचानक वाढला तर काय करायचं? आणि हा तलाव कोणाच्या ताब्यात येतो?

भराव_मुरूम
गढूळ पाणी वाढतंय, पायथ्याला जमीन उकळल्यासारखी वाळू वर येतेय, माथा खचतोय किंवा पाण्यात भोवरा दिसतोय, यातलं एकही दिसलं तर आधी खालच्या वस्तीतली माणसं हलवा, मग तहसीलदार आणि खात्याला फोन. धरणावर गर्दी नको. झडप पूर्ण उघडा. एरवी पातळी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये, पाण्याकडचा उतार ढासळतो. पण अशा वेळी तो हिशोब बाजूला ठेवावा लागतो. वाळू वर येते तिथे पोत्यांचं कडं करून आत पाणी साचू द्या, वर आलेलं पाणी निवळ झालं की कडं आणखी वाढवू नका. भोवऱ्यावर मात्र पाण्याच्या बाजूने दगड, पेंढा, मातीची पोती टाका. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. म्हणून तक्रार तोंडी नको. फोटो, तारीख, पातळी आणि खाचेचा आकडा जोडून लेखी द्या आणि पोच घ्या.

१०० हेक्टरपर्यंतच्या सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. तुमच्या तलावाची उंची १० मीटरच्या वर आणि साठा १० लाख घनमीटरच्या वर आहे, म्हणजे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा तुम्हाला लागू होतो. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी मालक खात्याला बंधनकारक आहे. अर्जात हे स्पष्ट लिहा आणि मागच्या तपासणीच्या अहवालाची प्रतही मागा.