अरमंडीत गुडघे आत येतात, चूक नेमकी कुठे असते?

तालमीतली: भरतनाट्यमच्या अरमंडीत (पावलं बाहेर उघडून, गुडघे वाकवून घ्यायची अर्धी बैठक) बसलं की चवडे बाजूला राहतात, पण गुडघे पुढे-आत सरकतात. जोर लावून मागे नेले तर थोड्या वेळाने गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. वाटी आणि पायाची बोटं एकाच दिशेला हवीत, एवढं माहीत आहे. पण बिघाड खुब्यात आहे, गुडघ्यात की पावलात, हे कसं ओळखायचं? आणि सरळ उभं राहताना गुडघे लॉक करायचे का?

खुब्यापासून: गुडघे ढकलणं आधी बंद करा. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. पाय बाहेर उघडणं हे खुब्याचं काम. चवडे आधी हवे तेवढे उघडून मग बसलं, की खुबा जेवढा कमी फिरला तेवढा पीळ नडगी आणि घोट्यातून काढला जातो. पावलं जमिनीला चिकटलेली, मांडी आत आलेली, म्हणून आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो आणि वाटी बाहेरच्या कडेला ओढली जाते.

स्वतःचा कोन असा काढा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर, आधार धरून उभे राहा. पावलं समांतर, वजन टाचांवर, चवडे किंचित वर. आता मांड्या खुब्यापासून बाहेर फिरवा आणि चवडे जिथे येतील तिथेच टेकवा. बहुतेकांचा कोन नेहमीच्यापेक्षा कमी निघतो. हिरमोड होतो, पण तोच खरा.

मग पालथे झोपा, एक गुडघा 90 अंश वाकवा आणि कंबर न उचलता नडगी दुसऱ्या पायाकडे झुकू द्या. इथे ती भरपूर झुकते पण उभ्याने कोन कमी येतो, तर ताकद कमी आहे. इथेच अडते, तर स्नायू आखडलेले असतील किंवा खुब्याच्या हाडाची ठेवणच तशी असेल, आणि ठेवण ताणून बदलत नाही.

तीन_टेकू: पाऊलही तपासा. वजन तीन जागी हवं: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. दोन्ही मुळांखाली कागदाची एकेक पट्टी ठेवून बसा आणि कुणाला तरी त्या ओढायला सांगा. करंगळीकडची अलगद निघाली तर पाऊल आत कललंय. कमान खचली की नडगी आत फिरते आणि गुडघा तिच्यामागे जातो. उपाय म्हणून बोटं आवळू नका. बोटं लांब ठेवून अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा, 5 सेकंद धरा, 8–10 वेळा.

ताकदीसाठी साधारण 15 सेंमी उंच पायरी घ्या. एका पायावर उभं राहून दुसऱ्याची टाच समोर खाली टेकवायची, उतरायला पूर्ण 3 सेकंद. वाटी दुसऱ्या बोटावर, कंबर समपातळीत. 8 वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. समोरून व्हिडिओ घ्या आणि गुडघा आत लचकला की तिथेच मोजणी थांबवा, कारण पुढच्या फेऱ्या चुकीचीच सवय पक्की करतात.

तट्टडवु (पाय आपटण्याचा पहिला अडवु, म्हणजे मूळ पदन्यास) करताना सगळं लक्ष उचललेल्या पायाकडे असतं. आत जातो तो उभ्या पायाचा गुडघा! पहिल्या काळातच, म्हणजे संथ लयीतच, हे पकडा.

तालमीतली: पालथं झोपून डावी नडगी उजवीपेक्षा कमी झुकते. मग दोन पावलं वेगवेगळ्या कोनात ठेवायची?

खुब्यापासून: नाही. सरावात दोन्हीकडे डावीचाच कोन. नाहीतर कंबर पिळून हिशेब जुळवला जातो आणि आरशात काहीच कळत नाही.

लॉकबद्दल: गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी आपोआप किंचित बाहेर फिरते आणि सांधा स्थिर होतो. ते नैसर्गिक आहे. त्याहून मागे रेटणं वाईट. बाजूने फोटो काढा. पाय मागे 10 अंशांहून जास्त कमानतोय का पाहा. अशा वेळी वजन टाचांवर जातं, मांडी सैल पडते, वाटी बोटाने हलते. वजन टाच-चवड्यांत निम्मं-निम्मं करा आणि मांडीचा पुढचा स्नायू जेमतेम जागा ठेवा, आवळू नका.

तीन_टेकू: सूज, गुडघा मध्येच अडकणं किंवा अचानक दगा देणं, यांतलं काही असेल तर हे व्यायाम थांबवा आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.